मुंबईत छापलेली गीता ओहायोतून मागवताना

मला हवी असलेली गीता १९६५ ची होती. इंग्रजी, एडविन अर्नल्ड यांचं पद्यरूप भाषांतर, 'द साँग सिलेस्टियल'. हे भाषांतर पहिल्यांदा आलं १८८५ मध्ये. गांधीजी लंडनला शिकत असताना त्यांची गीतेशी गाठ पडली ती याच्याच निमित्ताने, आणि पुढे आत्मकथेत इंग्रजी भाषांतरांपैकी यालाच त्यांनी सर्वांत चांगलं म्हटलं. मजकूर आज कुठेही फुकट वाचायला मिळतो. मला हवी होती ती न्यूयॉर्कच्या लिमिटेड एडिशन्स क्लबने काढलेली आवृत्ती. एकूण १५०० प्रती, प्रत्येकीवर क्रमांक आणि चित्रकर्तीची सही.

या एका पुस्तकात आपल्याकडचं किती काय एकत्र आलंय! अर्नल्ड १८५० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातल्या सरकारी कॉलेजचे, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचे, प्राचार्य होते. प्रस्तावना श्रीप्रकाश यांची. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तेव्हा राज्यपाल तेच होते. चित्रं वाय. जी. श्रीमती यांची. जन्म म्हैसूरचा, वाढल्या मद्रासमध्ये, वीणा वाजवायच्या, गायच्या, गांधीजींच्या सभांतून त्यांनी भजनं म्हटली. आणि छपाई आपल्या मुंबईची, कमर्शियल प्रिंटिंग प्रेसची. इथे छापलेल्या प्रती समुद्रापलीकडच्या सभासदांकडे गेल्या. अप्पा बळवंत चौकापासून फोर्टातल्या पदपथांपर्यंत मी जुनी पुस्तकं चाळत आले आहे, पण ही मला कुठे दिसली नाही. तिचं अस्तित्वच मला कळलं ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २०१६ च्या डिसेंबरात श्रीमतींच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं तेव्हा, त्याविषयी वाचताना.

म्हणजे विकत घ्यायची तर ऑनलाइनच. आणि तीही न पाहता, न हाताळता, पान उलटून न बघता.

थोड्या प्रतींत, मुद्दाम देखणी छापलेल्या अशा पुस्तकांना इंग्रजीत फाइन प्रेस म्हणतात. ही चळवळ ज्यांच्यापासून सुरू झाली असं मानतात त्या विल्यम मॉरिस यांनी १८९१ मध्ये लंडनमधल्या हॅमरस्मिथला केल्मस्कॉट प्रेस काढला. छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, स्वतः आखलेले, कागद हातकागद, शाई मुद्दाम मागवलेली. त्यांचा १८९६ चा चॉसर, म्हणजे त्या इंग्रजी कवीच्या रचनांचा ग्रंथ, कागदावर ४२५ प्रतींचा. त्याच भागात पुढे डव्ह्ज प्रेस झाला. त्याच्या दोन भागीदारांत बिनसलं, तेव्हा कॉब्डन-सँडर्सन यांनी खिळे दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून १९१६-१७ मध्ये रात्री-बेरात्री हॅमरस्मिथच्या पुलावरून थेम्समध्ये टाकले. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, पाणबुड्यांच्या मदतीने त्यातले दीडशेएक खिळे नदीतून वर काढले गेले. ही गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितली आहे. अक्षरांच्या वळणासाठी माणूस इतका जीव टाकू शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण डव्ह्ज किंवा केल्मस्कॉटची अख्खी पुस्तकं शिक्षिकेच्या पेन्शनीतून येत नाहीत. लिमिटेड एडिशन्स क्लबची येतात.

हा क्लब जॉर्ज मेसी यांनी १९२९ मध्ये सुरू केला. त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, तरी क्लब तगला. कल्पना साधी होती. पंधराशे सभासद, दर महिन्याला एक पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकासाठी त्याला शोभेल असा छापखाना, असा चित्रकार, मग तो जगात कुठेही असो. जॉइस यांच्या 'युलिसिस' कादंबरीसाठी १९३५ मध्ये त्यांनी थेट फ्रेंच चित्रकार मातीसकडून चित्रं करून घेतली. मातीस यांनी चित्रं काढली ती होमरच्या 'ओडिसी'वरून! मेसी १९५६ मध्ये गेले, त्यानंतर त्यांच्या पत्नी हेलन मेसी यांनी क्लब चालवला. आपली गीता त्यांच्या काळातली.

आता मुख्य अडचण. याच घराची दुसरी संस्था होती हेरिटेज प्रेस. क्लबचं पुस्तक निघालं की तोच मजकूर, तीच चित्रं घेऊन हेरिटेजची स्वस्त आवृत्ती निघायची, प्रतींची मर्यादा नाही, सही नाही, क्रमांक नाही. गीतेचीही हेरिटेज आवृत्ती आहे. तिच्यावरही १९६५ हेच साल, श्रीमतींचंच नाव, आणि तीही स्लिपकेसमध्ये, म्हणजे पुस्तक सरकवून ठेवायच्या पुठ्ठ्याच्या खोळीत. एबबुक्स किंवा ईबे या विक्रीच्या संकेतस्थळांवर नाव टाकून शोधलं की दोन्ही एकमेकींत मिसळून समोर येतात. वीस डॉलरपासून दोनशे डॉलरपर्यंत. बऱ्याच ठिकाणी मुखपृष्ठाचा एकच फोटो, तर काही ठिकाणी फोटोच नाही.

यातला फरक फोटोत कळतो तो एकाच पानावर, शेवटच्या. कॉलोफन म्हणतात त्याला. पुस्तक कुठे छापलं, किती प्रती, ही कितवी, हे तिथे असतं. क्लबच्या प्रतीत तिथे छापील मजकुरात मोकळी जागा सोडलेली असते आणि क्रमांक हाताने लिहिलेला असतो, त्याखाली सही. हेरिटेजच्या प्रतीत यातलं काही नसतं. आणखी एक खूण सांगते, कारण हेरिटेजची पुस्तकं घेणाऱ्यांनाही ती उपयोगी पडते. आत पत्रक असेल तर त्याचं नाव बघावं. क्लब सभासदांना 'मंथली लेटर' पाठवायचा, हेरिटेज 'सँडग्लास' नावाचं पत्रक घालायचा. विक्रेत्याने वर्णनात 'सँडग्लाससह' लिहिलं असेल आणि शीर्षकात क्लबचं नाव असेल, तर तिथेच थांबून विचारायचं. आणि हेरिटेजच्या शीर्षकपानावर न्यूयॉर्कऐवजी कनेटिकटमधल्या नॉरवॉकचं नाव असलं तर ती नंतरच्या काळातली छपाई.

पहिल्यांदा मी ज्याला लिहिलं त्याच्या पानावर क्लबचं नाव होतं, 'साइन्ड' असंही होतं, आणि किंमत ९५ डॉलर. मी कॉलोफनचा फोटो मागितला. दोन दिवसांनी उत्तर आलं, आमच्याकडे माल फार आहे, एकेका पुस्तकाचे फोटो काढता येत नाहीत, वर्णन बरोबर आहे. मी पुन्हा लिहिलं, नम्रपणेच, की फोटो मिळाला तर आजच पैसे भरते. मग फोटो आला. क्रमांक नाही, सही नाही. हेरिटेजची प्रत. मी तसं कळवलं तर उत्तर असं की पुस्तक तेच आहे, चित्रं तीच आहेत. चित्रं तीच आहेत हे खरंच आहे, आणि हेरिटेजची प्रत वीस-पंचवीस डॉलरला मिळत असेल तर कुणीही आनंदाने घ्यावी, पुस्तक देखणं आहे. पण जे नाही ते शीर्षकात लिहून चौपट किंमत लावणं हे मला मान्य नाही. मी ते पान त्या संकेतस्थळाकडे तक्रार म्हणून पाठवलं. काही दिवसांनी वर्णन बदललेलं दिसलं.

हा व्यवहार मनात ठेवून मी पुढचे विक्रेते निवडले. दुकानाच्या माहितीत बघायला लागले की ते जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या संघटनांचे, म्हणजे अमेरिकेच्या अँटिक्वेरियन बुकसेलर्स असोसिएशनचे किंवा आंतरराष्ट्रीय लीगचे, सदस्य आहेत का. या संस्थांची आचारसंहिता असते, आणि वर्णन चुकलं तर पुस्तक परत घ्यावं लागतं. पण सदस्य नसलेल्यांतही चोख माणसं असतात. ती ओळखू येतात वर्णनावरून. पुस्तकाची खोड जो आपणहून सांगतो, त्याच्याकडे मी आधी वळते.

ओहायोतल्या एका छोट्या गावातल्या विक्रेत्याचं वर्णन असं होतं. कण्याचा रंग उन्हाने किंचित उतरलेला. आतल्या कोऱ्या पानावर आधीच्या मालकाची नावपट्टी. पहिल्या काही पानांच्या कडांना तुरळक तपकिरी ठिपके. स्लिपकेसच्या एका कडेला झिजल्याच्या खुणा. मंथली लेटर आहे, मध्ये घडी. प्रतीचा दर्जा 'व्हेरी गुड'. ही श्रेणी नव्या माणसाला समजावून घ्यावी लागते. 'फाइन' म्हणजे जवळजवळ नवी, मग 'निअर फाइन', मग 'व्हेरी गुड', आणि नुसतं 'गुड' लिहिलेलं पुस्तक बऱ्यापैकी वापरलेलं असतं. 'एक्स-लायब्ररी' लिहिलं असेल तर शिक्के, खिसा, कण्यावर चिठ्ठी, हे सगळं धरून चालायचं. संग्रहासाठी घेत असाल तर असं पुस्तक सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

मी त्याला जे विचारलं ते इथे देते, कारण हेच प्रश्न मी आजही विचारते. कॉलोफनचा सरळ वरून काढलेला फोटो. कण्याचा फोटो, दिवसाच्या उजेडात. तपकिरी ठिपके आहेत त्या पानांपैकी सर्वांत वाईट पानाचा. ठिपके चित्रांवर आहेत का? पुस्तकाला धुराचा किंवा ओलीचा वास येतो का? हा शेवटचा प्रश्न फोटोत दिसत नाही म्हणून महत्त्वाचा. सिगारेटचा वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही, आणि ओलीचा वास म्हणजे आत बुरशी.

त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, सगळ्या फोटोंसह. वासाबद्दल त्याने लिहिलं होतं की जुन्या कागदाचा येतो तेवढाच येतो, घरात कुणी ओढत नाही. कॉलोफनचा फोटो मी मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले. छापील ओळीत सोडलेली जागा, तिथे हाताने घातलेला आकडा, आणि खाली श्रीमतींची सही. आकडा छापील ओळीच्या किंचित वर चढलेला. कुणीतरी पंधराशे वेळा हेच काम केलं असणार, आणि ही प्रत त्यातली एक.

किंमत ११० डॉलर आणि टपालखर्च जवळजवळ त्याच्या निम्मा. अमेरिकेच्या आत पुस्तकांसाठी मीडिया मेल नावाची स्वस्त सोय आहे, पण ती देशाबाहेर चालत नाही. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. ती म्हणाली, "ताई, माझ्याकडे मागव, मी दिवाळीत येताना घेऊन येते." पुष्कळजण असंच करतात, आणि माणसं येत-जात असतील तर ही सोय चांगलीच आहे. मला मात्र पुस्तक दोनदा पॅक होणं नको होतं. मूळ विक्रेत्याने नीट बांधलेला खोका तिकडे उघडला, की पुन्हा तसा बांधला जात नाही, आणि सामानाच्या बॅगेत स्लिपकेसचे कोपरे पहिल्यांदा जातात. शिवाय काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उरतोच.

पैसे भरताना एक व्यवहारी गोष्ट. आपल्या बँका कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद ठेवतात, ते ॲपमधून चालू करून मर्यादा ठरवावी लागते. माझ्या कार्डावर रूपांतराचा साधारण साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. पुस्तकाची किंमत ठरवताना हे धरूनच हिशोब मांडावा.

मग सीमाशुल्क. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क आलं, आणि त्या शुल्कावर अधिभार. रक्कम मोठी नसते, पण पार्सलवर लिहिलेलं स्पष्ट असलं पाहिजे. मी विक्रेत्याला सांगितलं की जाहीरपत्रकावर 'छापील पुस्तक' असंच लिही, ४९०१ हा वर्गीकरणाचा आकडा टाक, आणि किंमत खरी टाक. 'कलाकृती' किंवा 'संग्राह्य वस्तू' असं लिहिलं की अधिकाऱ्याला प्रश्न पडतात, आणि पार्सल अडकतं. काही विक्रेते आपणहून विचारतात, भेट म्हणून कमी किंमत लिहू का? अजिबात नाही म्हणायचं. एक तर ते खोटं आहे. दुसरं, पार्सल हरवलं तर विम्याची भरपाई जाहीर केलेल्या किमतीवर मिळते.

बांधणीबद्दलही सांगून ठेवलं. बबल रॅप थेट कापडी बांधणीला लावू नये, आधी साधा आम्लरहित कागद. त्यावर प्लास्टिक, मग एक खोका, त्याभोवती भरण, मग दुसरा खोका. आणि पाठवायचं ऑक्टोबरमध्ये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे परदेशातून पुस्तक मागवू नये असं माझं ठाम मत आहे. विमानातून कोरडं आलेलं पार्सल मुंबईच्या दमट गोदामात पडून राहिलं की प्लास्टिकच्या आत पाणी धरतं, आणि स्लिपकेसचा पुठ्ठा सर्वांत आधी ते पितो. त्या माणसाने माझे पैसे घेऊन पुस्तक दोन महिने स्वतःकडे सांभाळलं, जादा काही न घेता.

पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेशी डाकघरातून आलं. मागोव्यात कितीतरी दिवस एकच ओळ दिसत होती, सीमाशुल्क विभागाकडे सुपूर्द. मग एके दिवशी पोस्टमन दारात. शुल्काची पावती खोक्याला टाचलेली होती, सातशेच्या आसपास रक्कम त्यालाच दिली. पुस्तक म्हणूनच आकारणी झाली होती.

खोका उघडताना मी सुरुवातीपासून मोबाइलवर चित्रण करते, एका हाताने नाही, टेकवून. बाहेरचा खोका एका कोपऱ्यात चेपलेला होता. आतला धड. पुस्तक सुखरूप. स्लिपकेस मात्र झिजलेल्या कडेला अर्धी उकलली होती. फोटोत ती कड अखंड दिसत होती, म्हणजे हे वाटेतलं काम. मी त्याच दिवशी चित्रण आणि फोटो पाठवले. काय हवंय ते स्पष्ट लिहिलं. पुस्तक ठेवून घ्यायचं आहे, स्लिपकेस दुरुस्तीचा खर्च मिळावा. त्याने वीस डॉलर परत केले आणि लिहिलं की कड कमजोर होती हे मी आणखी ठळकपणे सांगायला हवं होतं. मला हा माणूस आवडला.

दुरुस्ती आमच्या इथल्या एका बाइंडरकाकांकडे केली. पिढीजात काम, छोटी खोली, दाराशी दाबाचं लोखंडी यंत्र. त्यांनी स्लिपकेस हातात फिरवली, उकललेल्या कडेत नख घालून जुना सरस कुरकुरीत झालाय का ते पाहिलं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "याला फेव्हिकॉल नाही लावायचा, मॅडम. खळ लावू. उद्या कुणाला पुन्हा उघडायची झाली तर पाण्याने सुटली पाहिजे." गव्हाच्या पिठाची खळ त्यांनी तिथेच पातळ केली, आतल्या बाजूने बारीक कागदाची पट्टी बसवली, आणि कड बाहेरून बोटाच्या पेराने दाबत खालपासून वरपर्यंत नेली. जास्तीची खळ लगेच ओल्या फडक्याने टिपली. मग दोन पाट्यांमध्ये रात्रभर. आज ती कड शोधून काढावी लागते. संग्राहकांच्या चर्चेत परदेशातल्या जतनतज्ज्ञांची नावं पुष्कळ येतात. आपल्याकडे ही विद्या गल्लीबोळात आहे आणि तिला पुरेसं काम मिळत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. चांगला बाइंडर माहीत असेल तर त्याला काम द्या.

पुस्तक आता काचेच्या कपाटात उभं आहे, भिंतीपासून थोडं पुढे, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. डांबराच्या गोळ्या मी घालत नाही, वास कागदात मुरतो. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा सगळी पानं सावकाश उलटते. त्या निमित्ताने चित्रंही पुन्हा बघून होतात. मंथली लेटर वेगळ्या पाकिटात ठेवलंय, कारण पुस्तकात ठेवलेला कागद कालांतराने समोरच्या पानावर आपली सावली उमटवतो.

सध्या शोध चालू आहे क्लबच्याच १९६८ च्या 'जंगल बुक्स'चा, डेव्हिड जेंटलमन यांच्या चित्रांचा. इंग्लंडमधल्या एका विक्रेतीकडे प्रत आहे. कॉलोफनचा फोटो आला, क्रमांक आणि सही दोन्ही जागेवर आहेत. कण्याचा फोटो यायचाय. पुस्तक ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवायला ती तयार आहे.